मागचं चाक जमीन कशी धरतं?

पावसाळ्यात भिलाईच्या सिविक सेंटरच्या बाजारात माल उतरवून मोकळी झालेली पिकअप निघायला लागली, की कधी कधी तिचं मागचं चाक जागच्या जागी गरगरतं. ड्रायव्हर क्लच सोडतो, इंजिन ओरडतं, चिखल उडतो आणि गाडी हलत नाही. हीच गाडी मघाशी टनभर माल लादून त्याच ओल्या चढावर चढली होती आणि तेव्हा चाक एकदाही घसरलं नव्हतं. इंजिन तेच, टायर तेच, रस्ताही तोच. ओझं उतरल्यावर काम सोपं व्हायला हवं होतं, ते अवघड का झालं?

हे कोडं सुटलं की ड्रॅग रेसमधली निम्मी गुपितं आपोआप उलगडतात. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेत, उभ्या जागेवरून सुटून, ठरलेलं अंतर कोण आधी कापतो याची शर्यत. हे अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे 402 मीटर असतं. भिलाईकरांच्या मापात सांगायचं तर आपल्या इस्पात संयंत्रात रेल्वेसाठी 260 मीटरचे लांबलचक रूळ तयार होतात. तसे दोन रूळ एकापुढे एक ठेवले, तर दुसरा रूळ संपायच्या आधीच शर्यत आटोपते. त्यातही पहिले अठरा-वीस मीटर सगळ्यांत महत्त्वाचे. तिथे चाक घसरलं, तर गेलेला वेळ पुढे कितीही ताकद लावली तरी भरून निघत नाही.

गाडीची हौस असलेली मंडळी पैसा ओततात तो इंजिनावर. टर्बो, मोठा सायलेन्सर, नवं ईसीयू ट्यूनिंग. ही सगळी ताकद जमिनीपर्यंत पोचवणारे मागचे पाटे, बुश, दांडे आणि शॉकअप मात्र कंपनीतून आले तसेच राहतात. त्यांच्याबद्दल एक समजही फार पसरलेला आहे: सुटताना गाडीचं बूड जितकं खाली बसेल, तितकी चाकांची पकड जास्त. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी पुष्कळांनी चांगल्या गाड्या बिघडवून घेतल्या आहेत.

इंजिन किती ढकलतं, रस्ता किती ढकलू देतो

थोडा हिशेब करू. समजा ड्रायव्हरसकट गाडी 1000 किलोची आहे. इंजिनाचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो 200 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीन पट होतो, डिफरन्शियलमध्ये आणखी चौपट. मागच्या अ‍ॅक्सलवर पोचेपर्यंत त्याचे 2800 न्यूटन-मीटर झालेले असतात. चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरली, तर टायर जमिनीला सुमारे 950 किलो वजनाइतक्या जोराने मागे ढकलू पाहतो.

जमीन तेवढं ढकलू देत नाही. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असतं. कोरड्या डांबरावर चांगला टायर भाराच्या साधारण 0.9 पट जोर सहन करतो. आपल्या गाडीच्या मागच्या दोन चाकांवर 450 किलो भार असेल, तर 405 किलोच्या पुढे चाक घसरणार. इंजिनाकडे 950 आहेत, रस्ता घेतो 405. उरलेली ताकद टायर जाळण्यात जाते. रिकाम्या पिकअपचं कोडं इथेच सुटतं. माल मागच्या चाकांवर होता तेव्हा तो ओझं तर होताच, पण पकडही तोच देत होता.

घसरायला लागलेलं चाक आणखी वाईट वागतं. रबर जमिनीला धरून किंचित सरकत असतं तोवर पकड सर्वांत जास्त असते. चाक मोकळं गरगरलं की ती घटते. म्हणून एकदा सुटलेलं चाक अ‍ॅक्सिलरेटर सोडल्याशिवाय परत जमीन धरत नाही.

गाडी उलार होते तेव्हा

बैलगाडीत पोती मागच्या बाजूला जास्त झाली की गाडी उलार होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि सगळा भार मागे कलतो. मोटार जोराने सुटते तेव्हा तिच्यातही हेच घडतं, फक्त पोतं कुठलंच सरकलेलं नसतं. टायर गाडीला पुढे ढकलतो तो जमिनीच्या पातळीवरून. गाडीचं वजन ज्या बिंदूत एकवटलेलं मानता येतं, तो गुरुत्वमध्य मात्र अर्धा मीटर वर असतो. खालून पुढे रेटलेली आणि वर जड असलेली वस्तू मागे कलू पाहते. तिचं नाक हलकं होतं आणि जितका भार पुढच्या चाकांवरून कमी होतो, तितकाच मागच्या चाकांवर चढतो.

किती चढतो याचं गणित सोपं आहे. गुरुत्वमध्याची उंची भागिले पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, गुणिले ढकलणारा जोर. उंची 50 सेंटिमीटर आणि चाकांतलं अंतर अडीच मीटर असेल, तर जोराचा पाचवा हिस्सा भार म्हणून मागे जातो. आपल्या गाडीत मागे 450 किलो होते. गाडी सुटली, भार मागे आला, त्यामुळे पकड वाढली, पकड वाढली म्हणून जोर वाढला, जोर वाढला म्हणून आणखी भार मागे आला. ही साखळी 494 किलोंवर स्थिरावते. म्हणजे 405 ऐवजी 494.

हीच गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असती तर? पुढे 550 किलो, म्हणजे आधीच शंभर किलो जास्त भार. तरीही ती हरते. सुटताना भार पुढच्या चाकांवरून निघून जातो आणि हिशेब 419 किलोंवर थांबतो. आपल्याकडे 1983 साली मारुती 800 आली तेव्हापासून छोट्या मोटारी बहुतेक पुढच्या चाकांनी चालणाऱ्याच आहेत. जागा आणि इंधन वाचवायला ही रचना उत्तम. सरळ रेषेत झेप घ्यायची असेल तर निसर्ग मागच्या चाकांच्या बाजूने आहे.

टायर बदलला की फरक आणखी वाढतो. शर्यतीच्या मऊ, नक्षी नसलेल्या टायरची पकड भाराच्या दीडपट धरली, तर मागच्या चाकांच्या गाडीत रस्ता 964 किलोंपर्यंत जोर घेऊ शकतो आणि पुढच्या चाकांच्या गाडीत 635. म्हणूनच चांगला टायर घेण्याआधी सस्पेन्शनवर पैसा घालणं मला उलटा क्रम वाटतो.

भार मागे आणण्यासाठी माणसांनी काय काय केलं ते पाहण्यासारखं आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत क्रायस्लर कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांनी 'रॅमचार्जर्स' नावाचा क्लब काढला आणि 1949 ची एक जुनी प्लिमथ शर्यतीसाठी घेतली. तिची बॉडी त्यांनी मुद्दाम उंच उचलली. गुरुत्वमध्य वर गेला की भार जास्त मागे जातो, हेच वरचं गणित त्यांनी लोखंडात उतरवलं. गाडीचं नाव पडलं 'हाय अँड मायटी'. पुढे 1965 मध्ये याच कंपनीने काही गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल 15 इंच आणि पुढचा 10 इंच पुढे सरकवला. मागची चाकं गाडीच्या मध्याकडे आली आणि उभ्या गाडीचाच भार त्यांच्यावर वाढला. त्या गाड्यांची छायाचित्रं आज विचित्र दिसतात, पण त्यातली एकही गोष्ट दिखाव्यासाठी केलेली नव्हती.

बूड टेकलं म्हणजे पकड आली?

वरच्या सूत्रात गुरुत्वमध्याची उंची आहे, चाकांतलं अंतर आहे, जोर आहे. स्प्रिंग कुठेच नाही. मागची स्प्रिंग मऊ असो वा कडक, गाडी त्याच जोराने पळत असेल तर मागे येणारा भार तेवढाच राहतो. मऊ स्प्रिंगवर तो आल्यावर बूड जास्त खाली बसतं, कडक स्प्रिंगवर कमी. डोळ्यांना मोठा फरक दिसतो, टायरखालच्या जमिनीला मात्र तो जाणवत नाही. उलट बूड खाली गेल्याने गुरुत्वमध्यही थोडा उतरतो आणि थोडा भार हातचा जातो.

मग मागचे भाग बदलून फायदा होतो तो कशाचा? तीन गोष्टींचा. मागे येणारा भार किती लवकर टायरपर्यंत पोचतो, तो दोन्ही मागच्या चाकांवर सारखा पडतो का, आणि पडल्यावर टिकतो की टायर उड्या मारतो. सस्पेन्शन भार निर्माण करत नाही, त्याची वाटणी करतं. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की गॅरेजमधले निम्मे वाद मिटतात.

पाट्याचा पीळ

अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, मारुतीची ओम्नी, महिंद्राची बोलेरो. या सगळ्यांच्या मागे अखंड अ‍ॅक्सल आणि लोखंडी पाटे. पाट्याची रचना साधी आणि दणकट आहे. एकच वस्तू तीन कामं करते: ओझं पेलते, अ‍ॅक्सलला जागेवर धरते आणि त्याचा पीळही सहन करते. पीळ सहन करण्यात ती कमी पडते.

चाक पुढे फिरतं तेव्हा ज्याने त्याला फिरवलं तो अ‍ॅक्सलचा डबा, म्हणजे हाऊसिंग, उलट दिशेला फिरू पाहतो. हाऊसिंगचं पुढचं टोक, जिथे प्रोपेलर शाफ्ट पिनियनला जोडलेला असतो, ते वर उचललं जातं. आपले 2800 न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 285 किलो वजन टांगण्यासारखं आहे. एवढ्या पिळाला हाऊसिंगला धरून काय असतं? यू-बोल्टने आवळलेले दोन पाटे.

गाडी खालून पाहिली तर हे डोळ्यांनी दिसतं. मोबाइल बॉडीच्या खाली पक्का बांधा, कॅमेरा पिनियनच्या तोंडाकडे करा, स्लो मोशन चालू करा आणि बंद मैदानात एकदा जोरात सुटा. पिनियनचं नाक आधी वर उचललेलं दिसेल. पाट्याचा अ‍ॅक्सलपुढचा भाग वर फुगेल, मागचा खाली दबेल आणि सरळ कमानीचा आडवा नागमोडी आकार होईल. मग टायर सुटतो. टायर सुटला की पीळ संपतो आणि दाबून ठेवलेला पाटा फटकन मूळ आकारात येतो. त्या झटक्याने चाक जमिनीवरून उचललं जातं, पुन्हा आपटतं, पुन्हा जमीन धरतं, पुन्हा पाटा पिळतो. हे एका सेकंदात कितीतरी वेळा घडतं. आत बसलेल्याला वाटतं की मागून कुणी घणाचे घाव घालतंय. गाडी उड्या मारते ती अशी. यात नुसता वेळ जात नाही. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो, पिनियनचे दात उडतात, कधी अ‍ॅक्सलच मोडतो.

पहिला उपाय फार स्वस्त आहे आणि तो म्हणजे झिजलेलं बदलणं. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला रबरी बुश फाटलेला असेल, यू-बोल्ट ढिले असतील, मधला बोल्ट सरकला असेल, तर वर काहीही बसवलं तरी उपयोग नाही. अनुभवी मिस्त्री पाट्याच्या डोळ्याजवळ पहार घालून हलवून बघतो. पहारीने बुश बोटभर हलला, तर सुटण्याच्या धक्क्याने तो किती हलेल याची कल्पना करा.

त्यानंतर येतो ट्रॅक्शन बार. अ‍ॅक्सलखाली घट्ट बसवलेला आणि पुढे पाट्याच्या डोळ्याखालपर्यंत जाणारा हा लोखंडी दांडा. त्याच्या टोकाला रबराची गाठ असते. हाऊसिंग फिरायला लागलं की दांड्याचं टोक वर जातं आणि पाट्याच्या पुढच्या टोकाला टेकतं. पीळ तिथेच अडतो. शिवाय ते टोक बॉडीला वर रेटतं आणि तेवढ्याच जोराने अ‍ॅक्सल खाली, म्हणजे टायर जमिनीवर, दाबला जातो. नासाडी करणारा पीळ असा कामाला लागतो.

क्रायस्लरने 1960 च्या दशकात आपल्या शर्यतीच्या गाड्यांसाठी काढलेले 'सुपर स्टॉक' पाटे मला या सगळ्या प्रकारांत सर्वांत देखणे वाटतात. त्यांनी वेगळा दांडा लावलाच नाही. पाट्याचा अ‍ॅक्सलपुढचा भाग आखूड ठेवला, त्यात जादा पानं घातली आणि ती पट्ट्यांनी आवळून टाकली. पुढचा भाग स्वतःच दांड्यासारखा ताठ झाला. मागचा भाग लवचिक ठेवला, तो स्प्रिंगचं काम करत राहिला. उजव्या बाजूला पानं जास्त होती. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

दांडे आणि त्यांचे कोन

स्कॉर्पिओ किंवा नव्या थारसारख्या गाड्यांत मागे पाटे नसून कॉइल स्प्रिंगा असतात आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरायला वेगळे दांडे. यात मोठी सोय होते. ओझं स्प्रिंग पेलते, पीळ दांडे पेलतात आणि दोन्ही कामं वेगवेगळी जुळवता येतात. 2022 मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एनमध्ये मागे असे पाच दुवे आहेत आणि अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून वॉट लिंकेज आहे.

या दांड्यांची टोकं कुठे बसवली आहेत त्यावर गाडीचं बूड बसेल, जागेवर राहील की वर उचललं जाईल, हे ठरतं. गाडी बाजूने बघा. खालच्या दांड्याची रेघ पुढे वाढवा, वरच्या दांड्याचीही वाढवा. दोन्ही जिथे मिळतील तिथे एक अदृश्य बिजागरी आहे असं समजा. मागचा अ‍ॅक्सल जणू त्या बिजागरीभोवती हलतो आणि टायरचा सगळा रेटा बॉडीला तिथून लागतो.

आता मागच्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या बिंदूपासून त्या बिजागरीपर्यंत रेघ ओढा. आपल्या गाडीत, उंची अर्धा मीटर आणि अंतर अडीच मीटर असताना, ही रेघ दर मीटरमागे 20 सेंटिमीटर चढत असेल तर मागे येणारा सगळा भार दांड्यांमधून जातो. स्प्रिंग दबत नाही आणि बूड हलत नाही. बिजागरी अ‍ॅक्सलच्या सव्वा मीटर पुढे असेल तर ती जमिनीपासून 25 सेंटिमीटरवर हवी. रेघ याहून सपाट असेल तर बूड बसतं. याहून तिरकी असेल तर सुटताना गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो.

वर उचलला जाणं वाईट वाटतं, पण शर्यतीत बऱ्याचदा तेच हवं असतं. बॉडीला वर ढकलायचं तर टायरला तेवढ्याच जोराने खाली रेटावं लागतं. शिवाय दांडा कडक असतो. त्यातून जोर क्षणात पोचतो, तर स्प्रिंग दबून भार पोचायला वेळ लागतो. पहिल्या अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे, तिथे हा फरक मोठा ठरतो. म्हणून खालच्या दांड्याचं अ‍ॅक्सलकडचं टोक खाली घेणारे ब्रॅकेट विकले जातात. ते भोकांच्या ओळीचे असतात. एक भोक खाली गेलं की रेघेचा कोन बदलतो. मात्र अति केलं की बॉडी वर जाऊन थांबते, तोवर मिळालेला जादा दाब संपतो आणि टायर एकदम हलका होतो. सुटताना छान पकडून दहा मीटरवर घसरणाऱ्या गाडीत बऱ्याचदा हाच दोष असतो.

दांड्यांच्या टोकांचे रबरी बुश हाही विचारात घेण्याचा विषय. कंपनी मऊ रबर घालते, कारण खड्ड्यांचा आवाज आत येऊ नये. सुटताना हे रबर चेपतं आणि कोन हलतात. पॉलीयुरेथेनचे कडक बुश घातले तर दांडा जिथे बसवला तिथेच राहतो. त्याची किंमत म्हणून रोजच्या रस्त्यावर कुरकुर आणि हादरे सोसावे लागतात. घरच्यांना घेऊन हीच गाडी चालवायची असेल तर खालच्या दांड्यांनाच कडक बुश घालून थांबावं, असं माझं मत आहे.

*चौकट: खिशाला झेपेल असा क्रम*
*फाटलेले बुश, ढिले यू-बोल्ट आणि गळके शॉकअप बदलणं हे पहिलं काम. मग चांगले टायर आणि त्यातली योग्य हवा. त्यानंतर पीळ अडवणं: पाट्याच्या गाडीत ट्रॅक्शन बार, कॉइलच्या गाडीत ताठ खालचे दांडे. मग जुळवता येणारे शॉकअप. दांड्यांचे कोन बदलणं सर्वांत शेवटी, कारण आधीची कामं झाल्याशिवाय त्याचा परिणाम कळतच नाही. बॉडीत वेल्डिंग करण्याआधी हे सगळं करून बघावं.*

डावं दाबतं, उजवं उचलतं

अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांत अनेकदा रस्त्यावर एकच काळी रेघ उमटते. उजवं चाक घसरतं, डावं शांत असतं. दोष पिळाचाच आहे, पण वेगळ्या दिशेचा. प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो आणि पिनियनमार्फत अख्ख्या अ‍ॅक्सलला आपल्याबरोबर वळवू पाहतो. बहुतेक इंजिनं ज्या दिशेला फिरतात त्या दिशेने अ‍ॅक्सलचं डावं टोक खाली दाबलं जातं आणि उजवं वर उचललं जातं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं, त्यामुळे हलक्या चाकाला जेवढं झेपतं तेवढंच दुसऱ्यालाही मिळतं. उजवं चाक सुटलं की डावंही निकामी.

शिवाय टायरचा एक स्वभाव आहे. भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच होते. त्यामुळे एका चाकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी, यापेक्षा दोघांवर सारखा भार केव्हाही फायद्याचा. क्रायस्लरच्या पाट्यात उजवीकडे जास्त पानं होती ती यासाठीच. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून तिकडे बॅटरी उचलून मागे उजव्या कोपऱ्यात ठेवायची रीत पडली. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे असल्याने त्याचं वजन योग्य बाजूला पडतं. तरी मोठ्या ताकदीच्या गाडीत तेवढं पुरत नाही. मग मागे अँटी-रोल बार बसवून तो आधीच थोडा पिळून ठेवतात किंवा उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालतात.

शॉकअपचं काम

स्प्रिंग भार पेलते, शॉकअप हालचालीचा वेग ठरवतो. त्याच्या दोन क्रिया असतात, दबणं आणि ताणणं. दोन्हींचा अडसर वेगळा जुळवता येतो. ड्रॅगच्या गाडीत पुढचे शॉकअप असे लागतात की ते सहज ताणले जावेत, म्हणजे नाक चटकन उठेल, आणि दबताना अडावेत, म्हणजे उठलेलं नाक गिअर बदलताना धपकन खाली येणार नाही. अमेरिकेत याला नव्वद-दहाचे शॉकअप म्हणतात. अडसराचे नव्वद भाग दबताना आणि दहा ताणताना. मागच्या शॉकअपला मात्र बॉडी आणि अ‍ॅक्सल हळूहळू दूर जाऊ द्यायचे असतात. ते फार सैल असले तर बॉडी उसळते आणि टायरवरचा दाब क्षणभरात संपतो. फार कडक असले तर टायरवर एकदम धक्का बसून तो सुटतो. योग्य जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती गाडीगणिक बदलते.

भिलाईच्या लोको शेडमधला हाच प्रश्न

ज्यांना वाटतं की हे सगळं परदेशी हौशी लोकांचं शास्त्र, त्यांनी भिलाईच्या इलेक्ट्रिक लोको शेडकडे बघावं. दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज भरून निघणाऱ्या मालगाडीला उभ्या जागेवरून हलवणं ही ड्रॅग रेसपेक्षा कठीण परीक्षा आहे. इथे टायर रबराचा नाही, पोलादाचा आहे, आणि पोलादावर पोलाद फार कमी धरतं. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूएजी-9 जातीचं मालगाडीचं इंजिन 123 टनांचं आहे आणि सुटताना 458 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 47 टन जोर लावतं. भाराच्या 0.38 पट. कोरड्या रुळावर यापुढे फारसं काही मिळत नाही, म्हणून चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते.

भार मागे सरकण्याचा त्रास इंजिनालाही आहे. चाकं रुळाच्या पातळीवर ढकलतात, तर डब्यांची ओढ कपलरवर, सुमारे 1.1 मीटर उंचीवर लागते. इंजिन उलार होऊ पाहतं, पुढची चाकं हलकी होतात आणि सगळ्यात आधी तीच घसरतात. मागच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारीत त्या दोनच चाकांना जोर असतो, म्हणून भार मागे येणं फायद्याचं ठरतं. इंजिनाच्या सहाही अ‍ॅक्सलना विजेच्या मोटारी असतात, म्हणून इथे तोच भार तोट्याचा. मग बोगी आणि वरची बॉडी यांना जोडणारे ओढीचे दांडे शक्य तितके खाली, रुळाजवळ बसवतात. ड्रॅगच्या गाडीत ब्रॅकेटचं भोक खाली घेतात त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

दुचाकी आणि धावपट्टी

भारतात ड्रॅग शर्यतींत दुचाकी फार असतात आणि तिथे अडचण उलटी. पकड नव्हे, पुढचं चाक उचललं जाणं ही मर्यादा असते. बाईक आणि स्वार मिळून गुरुत्वमध्य 65 सेंटिमीटरवर आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या 65 सेंटिमीटर पुढे असेल, तर गुरुत्वाकर्षणाइतका वेगवाढीचा दर गाठला की पुढचं चाक हवेत. म्हणून मागच्या चाकाला धरणारा चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, लांब करतात आणि बाईक खाली बसवतात. चिमटा 15 सेंटिमीटरने वाढवला आणि बाईक 5 सेंटिमीटर खाली आणली, तर ही मर्यादा जवळपास एक तृतीयांशाने वर जाते. मात्र लांब चिमट्याची बाईक वळणावर सुस्त होते आणि स्पीड ब्रेकरवर घासते. रोजच्या वापराची ती राहत नाही.

भिलाईच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूसारखा रुंद, सरळ रस्ता पाहून तरुणांचे हात शिवशिवतात, हे खरं. पण सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर कलम 52 ची बंधनं आहेत. कायद्यापेक्षा मोठं कारण म्हणजे रस्त्यावरून चालणारी माणसं. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही 402 मीटरची शर्यत भरत आली आहे. तिथे वेळ मोजणारी यंत्रं असतात, मधे कुणी येत नाही आणि थांबायला पुढे मोकळी जागा असते.

तिथे गेलात, तर शेवटच्या वेळेकडे आधी बघू नका. पहिल्या 60 फुटांची, म्हणजे 18.3 मीटरची वेळ मिळाली तर तिच्याकडे बघा. शेवटच्या वेळेत इंजिन, गिअर बदलण्याची सफाई आणि वारा सगळंच मिसळलेलं असतं. या आकड्यात बहुतांशी मागच्या चाकांची कामगिरी दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदला: ब्रॅकेटचं एक भोक, शॉकअपची एक खूण किंवा टायरमधली थोडी हवा. पुन्हा सुटा आणि तोच आकडा पाहा. वेळ कमी झाली तर तसंच ठेवा, वाढली तर परत आधीच्या खुणेवर आणा आणि मग दुसरी गोष्ट हातात घ्या.